ग्रहणाचे जुने चष्मे, वेल्डिंगची काच आणि शाळेतली पोरं

एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी विचारलं आहे: २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. २०१९ च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला आणलेले ४० पुठ्ठ्याचे चष्मे शाळेच्या कपाटात तसेच पडून आहेत, ते चालतील का? पटावर ८६ पोरं आहेत. गावातला वेल्डिंगवाला काच द्यायला तयार आहे. एक पालक म्हणतात घरोघरचे एक्सरे गोळा करू, बाकीचे म्हणतात त्या दिवशी सुट्टीच देऊन टाका.

गुरुजी, एका दमात सांगायचं तर जुने चष्मे एकेक तपासून बघा, जे टिकतील ते खुशाल वापरा. वेल्डिंगच्या काचेवर नंबर वाचता येत नसेल तर ती परत करा. एक्सरेचं नावही काढू नका. आणि सुट्टी तर मुळीच देऊ नका. आता हे असं का, ते जरा बैजवार सांगतो, कारण पालकसभेत तुम्हाला प्रत्येकाचं समाधान करावं लागणार आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षं डोळे तपासतो आहे. येणारे बहुतेक मोतीबिंदूचे, मग कापसाच्या हंगामात बुबुळाला पऱ्हाटीचं टोक लागलेले, फवारणीचं औषध उडालेले. ग्रहण बघून डोळ्याला इजा झालेले या पंचवीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. त्यामुळे घाबरवायचा माझा इरादा नाही. पण त्या मोजक्यांतला एक पोरगा माझ्या डोक्यातून जात नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ चं ग्रहण आठवत असेल तुम्हाला. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधला दिवस, आणि आपल्याकडे सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला होता. हा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. शेतात कापसाची गाठोडी बांधत होता. पाचच्या सुमाराला कोणीतरी म्हणालं, "पाहा रे, सूर्य खाल्ला." तेव्हा सूर्य अजून बराच वर होता. त्यानं गाठोडं बांधत बांधत, मधून मधून मान वर करून, मावळेपर्यंत बघितलं. दुसऱ्या दिवशी कापूस काट्यावर घातला तेव्हा त्याला आकडे नीट दिसेनात. चार आकड्यांतला तो ज्याच्याकडे बघेल तोच आकडा गायब व्हायचा, आजूबाजूचे मात्र स्पष्ट. त्याला वाटलं काटा बिघडला. काटेवाल्याशी भांडलासुद्धा.

माझ्यासमोर बसला तेव्हा डोळे अगदी स्वच्छ. लाली नाही, पाणी नाही, दुखणं नाही. मी तक्त्यावरचं अक्षर वाचायला सांगितलं, तर त्यानं मान किंचित डावीकडे वळवली आणि तिरक्या नजरेनं वाचलं. तेवढ्यावरून मला अंदाज आला. समोर चौकटीचा कागद धरला, मध्ये एक ठिपका. "ठिपक्याकडे पाहा, रेघा कशा दिसतात?" तो म्हणाला, "मधातल्या रेघा वाकल्या जी, अन् ठिपका त दिसूनच नाही राहिला." मी विचारलं, सूर्याकडे बघताना त्रास नाही झाला? त्याचं उत्तर होतं, "लाल होता जी सूर्य, डोळ्याले लागतच नव्हता."

तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्याच्या या शेवटच्या वाक्यात आहे.

रोजच्या भर दुपारच्या सूर्याकडे कोणी बघत बसत नाही. बघूच शकत नाही. डोळे दिपतात, पापण्या मिटतात, मान आपोआप वळते. हे दिपणं म्हणजे डोळ्याचा राखणदार आहे. शेतावरचा राखणदार झोपला की डुकरं शिरतात, तसं जे काही या दिपण्याला झोपवतं पण घातक किरण अडवत नाही, ते धोक्याचं. ग्रहणात सूर्याचा भाग झाकला गेला की एकूण उजेड कमी होतो, डोळा दिपत नाही. उलट उजेड कमी झाला म्हणून बाहुली मोठी होते आणि जास्त प्रकाश आत येतो. आणि सूर्याची जी कोर उघडी राहिली आहे तिचा प्रत्येक कण नेहमीच्याच सूर्याइतका प्रखर असतो. कोर लहान झाली म्हणून ती सौम्य होत नाही. काळा गॉगल, काजळी धरलेली काच, एक्सरे, पातळ ढग, मावळतीची धूळ, हे सगळे त्याच जातीचे. राखणदाराला झोपवणारे.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूर्याची जी प्रतिमा पडते ती जेमतेम ०.१६ मिलिमीटरची असते. म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पण आपण ज्याच्याकडे रोखून बघतो त्याची प्रतिमा पडद्याच्या नेमक्या मध्यावर पडते, आणि वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला तोच मध्य लागतो. भिंगानं कागद जाळतो तसं डोळ्याचं होतं असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. उष्णतेचा वाटा असतो, पण मुख्य इजा रासायनिक असते. निळा आणि अतिनील प्रकाश पडद्यातल्या पेशींमध्ये विषारी घडामोडी सुरू करतो आणि त्या तासागणिक वाढत जातात. म्हणून संध्याकाळी काहीच कळत नाही आणि सकाळी उठल्यावर डाग दिसतो. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसल्यामुळे ठणकही लागत नाही. शिवाय ही इजा साठत जाते. "मी दोन-दोन सेकंदच पाहिलं" असं वीस वेळा पाहिलेल्या माणसाला त्याचा काही फायदा मिळत नाही.

२०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये एक तरुणी डोळ्यात मधोमध काळा डाग आल्याची तक्रार घेऊन गेली. डॉक्टरांनी पडद्याचे अगदी पेशीपर्यंतचे फोटो काढले, तर इजेचा आकार सूर्याच्या त्या वेळच्या कोरीसारखाच निघाला. ग्रहणाचा शिक्काच म्हणा ना.

आता तुमच्या गावातल्या एकेका उपायाकडे येतो.

एक्सरे. काळा दिसतो म्हणून लोक त्याला चष्म्याचा भाऊ समजतात. हाडाच्या जागी तो पांढरट असतो, मांसाच्या जागी करडा, कडेला काळा. पोरगं तो हातात धरून हलवतं आणि कुठल्या भागातून किती प्रकाश येतोय याला काही धरबंध राहत नाही. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण तर त्यातून आरामात पार होतात. जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह, सीडी, काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले दोन गॉगल, सगळ्यांचा न्याय एकच.

परातीतलं पाणी. आपल्याकडे ही पद्धत जुनी. परातीत पाणी घ्यायचं, हळद किंवा शेण कालवायचं आणि त्यात ग्रहण बघायचं. माझी आजीही असंच बघायची, आणि थेट वर बघण्यापेक्षा ते बरं, हे मी मान्य करतो. पण हिशेब करून बघा. सूर्य डोक्यावर असताना पाण्याचा पृष्ठभाग सुमारे २ टक्के प्रकाश परत फेकतो. सूर्य कललेला असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट. चांगल्या ग्रहणचष्म्यातून जास्तीत जास्त ०.००३२ टक्के प्रकाश आत यायला परवानगी आहे, म्हणजे तीस हजारांत एक भाग. याचा अर्थ परातीतला सूर्य चष्म्यातल्या सूर्यापेक्षा निदान सहाशे पट प्रखर. हळद टाकून पाण्याचा रंग बदलतो, पृष्ठभागाची चकाकी नाही बदलत. पोरांना परात नकोच.

ज्यांना परातीत मुसळ उभं करायचं आहे त्यांनी मात्र खुशाल करावं. सपाट बुडाचं मुसळ अमावस्येलाही उभं राहतं आणि एरवीही. पण ते बघायला सगळ्यांच्या माना खाली असतात, हा त्याचा मोठा गुण.

वेल्डिंगची काच. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण ही गोष्ट पूर्ण चूक नाही. १४ नंबरची वेल्डिंगची काच सूर्य बघायला चांगली, फक्त सूर्य हिरवा दिसतो. १२ आणि १३ नंबरही सुरक्षित धरतात, पण बऱ्याच जणांना १२ मधून सूर्य फार झगझगीत वाटतो. अडचण ही की गावातला वेल्डिंगवाला ट्रॉलीचा हुक आणि दरवाजाची ग्रील जोडतो, त्याला एवढी गडद काच लागत नाही. त्याच्याकडे बहुधा १०, फार तर ११ नंबर असतो. अर्धे जण तर भंगारातली, नंबर पुसलेली काच वापरतात. काचेच्या कोपऱ्यात आकडा कोरलेला असतो. तो वाचता आला आणि १४ निघाला तर घ्या. आपोआप काळं होणारं नव्या पद्धतीचं हेल्मेट असेल तर तेही नको.

वेल्डिंगवरून आठवलं. लोकांच्या मनात एक घोळ असतो. वेल्डिंग लागलेला माणूस रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू गेल्यासारखा तळमळत येतो, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, आणि दोन दिवसांत ठणठणीत बरा होतो. ती इजा वरच्या बुबुळाची. ग्रहणाची इजा आतल्या पडद्याची. तिथं तळमळ नाही, आणि दोन दिवसांत बरं होणंही नाही. "डोळा दुखला नाही म्हणजे काही झालं नाही" हा हिशेब वेल्डिंगवरून आलेला आहे, तो इथे लावू नका.

आता तुमचे ४० चष्मे. पूर्वी सांगायचे की तीन वर्षं झाली की चष्मे टाकून द्या. आता जाणकार तसं म्हणत नाहीत. आयएसओ १२३१२-२ या मानकाप्रमाणे बनलेले असतील, भिंगाला धक्का लागला नसेल, तर वयामुळे ते बाद होत नाहीत. पण इतके पावसाळे शाळेच्या कपाटात काढलेल्या पुठ्ठ्याचं काय झालं असेल हे मी न बघताही सांगू शकतो. ओल येऊन पुठ्ठा फुगलेला असेल, भिंग कडेनं सुटलेलं असेल, काही उंदरांनी कुरतडलेले असतील, आणि रबर लावून गठ्ठा बांधलेला असेल तर एकमेकांवर घासून ओरखडे पडलेले असतील.

एखाद्या संध्याकाळी बसा. खोलीत अंधार करा आणि एक एलईडी बल्ब लावा. प्रत्येक चष्मा आधी हातात धरून बल्बसमोर न्या आणि भिंगावर सुईच्या टोकाएवढं कुठं उजेडाचं छिद्र दिसतं का बघा. दिसलं की बाद. भिंग पुठ्ठ्यापासून कुठं सुटलंय का, बोट फिरवून बघा. सुटलं असेल तर बाद, टेप लावायच्या भानगडीत पडू नका. मग चष्मा लावून खोलीत बघा. चांगल्या चष्म्यातून काहीही दिसत नाही. भिंत नाही, खिडकी नाही, तुमचाच हात नाही. मोबाईलची बॅटरी डोळ्यासमोर धरली तर कदाचित एक मिणमिणता ठिपका, बस्स. ट्यूबलाइट किंवा माणसाची आकृती दिसली तर तो चष्मा नव्हे, गॉगल आहे.

या चाळणीतून जे राहतील ते दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः उन्हात दोन सेकंद लावून बघा. सूर्य काठ स्पष्ट असलेली एक थाळी दिसला पाहिजे, काळ्या भिंगातून नारिंगी, चंदेरी भिंगातून पांढरा-निळसर. पौर्णिमेच्या चंद्राकडे बघताना जेवढं सोपं वाटतं तेवढंच सोपं वाटलं पाहिजे. भोवती आकाश पूर्ण काळं हवं. सूर्याभोवती धूसर वलय दिसलं किंवा डोळा जरा जरी आकसला, तर तोही बाजूला.

छापलेल्या मानकावर फार विसंबू नका. आकडा कोणीही छापू शकतो. एका ग्रहणाआधी एका शाळेनं स्वस्तात आणलेला गठ्ठा मला दाखवला होता. चष्म्यावर मानकाचा नंबर ठळक, पण उलटसुलट लिहिलेला, आणि तो लावून मला दवाखान्यातला पंखा फिरताना दिसत होता. नवे घ्यायचे झाले तर बसस्थानकावरच्या गाडीवरून घेण्यापेक्षा नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्यातल्या आकाशनिरीक्षण करणाऱ्या मंडळींकडे चौकशी करा, कोणाचे चष्मे खात्रीचे ते त्यांना ठाऊक असतं.

लावण्याची पद्धत पोरांकडून आदल्या दिवशी घटवून घ्या. मान खाली, चष्मा लावायचा, मग वर. बघून झालं की मान खाली, मगच काढायचा. रांगेत पुढच्याच्या नाकावरून चष्मा ओढायचा नाही. ज्याला नंबरचा चष्मा आहे त्यानं तो काढायचा नाही, त्याच्यावरून हा धरायचा. पहिली-दुसरीच्या पोरांना हे चष्मे मोठे होतात, नाकावरून घसरतात आणि पोरगं वरच्या फटीतून सूर्य बघतं. त्यावर सोपी युक्ती: महाप्रसादाला आणतो ती कागदी प्लेट घ्या, मध्ये आडवा काप द्या आणि चष्मा त्यावर स्टेपल करा. पिन भिंगाला लागू देऊ नका. पूर्ण चेहरा झाकला जातो आणि पोरं त्यावर वाघाचं तोंड काढतात ते वेगळंच. लहान पोरांबाबत मी जास्त कडक आहे, कारण त्यांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अगदी नितळ असतं, घातक प्रकाश आमच्यापेक्षा जास्त आत सोडतं. दुसऱ्या टोकाला गावातले जुने म्हातारे. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फार पूर्वी झालं, भिंग बसवलेलं नाही आणि जाड काचेचा चष्मा आहे, त्यांच्या डोळ्यात गाळणीच उरलेली नाही. त्यांना अंगणात कवडसे दाखवा.

आणि एक गोष्ट सातवी-आठवीच्या पोरांना निक्षून सांगा. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीत बघायचं नाही. दुर्बीण सगळा प्रकाश एका ठिकाणी गोळा करते, चष्म्याचं भिंग क्षणात वितळतं आणि पुढचा मुक्काम डोळा. गाळणी लावायची तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला. ती तुमच्याकडे नसेल तर दुर्बीण घरी ठेवा. मोबाईलवर फोटो काढणारे सूर्य पडद्यावर पकडण्याच्या नादात कडेनं वर बघत राहतात, तेही लक्षात ठेवा.

समजा ४० पैकी २० चष्मे टिकले. ८६ पोरांना ते पुरे आहेत, कारण प्रत्येकानं पाच-सात सेकंद बघून पुढच्याला द्यायचं आहे, तासभर डोळे लावून बसायचं नाही. आणि खरा कार्यक्रम चष्म्याशिवायच करायचा आहे.

टिनाच्या गोठ्यात तुम्ही लहानपणी कधी भरदुपारी बसला असाल. छपराला जुन्या खिळ्यांची भोकं असतात. काही गोल, काही चिरलेली, काही तिकोनी. पण खाली सारवलेल्या जमिनीवर पडणारे कवडसे मात्र सगळे गोल. कधी विचार केलात का असं का? कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. म्हशीच्या पाठीवर पडलेला, गव्हाणीवर पडलेला, प्रत्येक कवडसा म्हणजे एकेक सूर्य. ग्रहण लागलं की हे सगळे कवडसे एका बाजूनं खाल्ले जातात. २०१० च्या १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी ग्रहण होतं. मी घरच्या गोठ्यात गेलो तर जमिनीवर पन्नास-साठ कोरी एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या होत्या. गाय शेपटी हलवायची तशा त्या तिच्या अंगावरून सरकायच्या. मी चष्म्यातून बघितलेलं ग्रहण विसरलो, ते नाही विसरलो.

शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली हेच दिसेल. पानांच्या फटी म्हणजे शेकडो भोकं. २०२७ च्या ग्रहणात आपल्याकडे सूर्याचा अर्ध्याहून कमी भाग झाकला जाईल, बुलढाण्याकडे थोडा जास्त, गडचिरोलीकडे कमी. त्यामुळे कोर बारीक होणार नाही, चावा घेतलेल्या भाकरीसारखं दिसेल. खिचडीच्या स्वयंपाकघरातून पुरणाची चाळण किंवा झारा आणा, उन्हात पांढऱ्या कागदापासून हात-दीड हात वर धरा, पोरांच्या पाठी सूर्याकडे. भोकं जितकी तितक्या भाकऱ्या. कागद लांब नेला की चित्र मोठं आणि फिकं होतं. दोन मीटरवर सुमारे दोन सेंटिमीटरचं.

सगळ्या वर्गाला एकदम दाखवायचं तर आरसा. हा प्रयोग माझा आवडता. घडीचा छोटा आरसा घ्या, त्याच्यावर जाड काळा कागद चिकटवा आणि मध्ये तुरीच्या दाण्याएवढं भोक ठेवा. आरसा मातीच्या ओल्या गोळ्यात रोवून अंगणात उन्हात ठेवा, म्हणजे पाहिजे तसा वळवता येतो. उजेडाचा झोत वर्गाच्या दारातून आतल्या भिंतीवर न्या. खिडक्यांना पोती लावून अंधार करा. आरसा भिंतीपासून १० मीटरवर असेल तर ९ सेंटिमीटरचा सूर्य भिंतीवर उभा राहतो, १५ मीटरवर १४ सेंटिमीटरचा. हळूहळू तो सरकत जाईल, एका पोराला आरसा वळवत बसवा. सूर्य का पळतो हे त्याला त्या दिवशी न शिकवता कळेल. एकच पथ्य: झोताच्या वाटेत तोंड घालून कोणी आरशात बघायचं नाही. आठवडाभर आधी पाऊस उघडेल त्या दुपारी तालीम करा. भिंतीवर गोल आला की जमलं.

आता वेळेबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. २ ऑगस्टला सोमवार, आषाढातली अमावस्या. खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, अरबस्तानातून जातो. इजिप्तच्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त वेळ काळोख होईल. आपल्याकडे खंडग्रास, दुपार कलल्यावर चारनंतर. तुमच्या गावाची मिनिटासकट वेळ पंचांगात मिळेल. म्हणजे शाळा सुटायची वेळ आणि ग्रहणाची वेळ एकच. पोरं दप्तर घेऊन निघतील आणि सूर्य पश्चिमेला, पश्चिमेकडे घर असणाऱ्यांच्या थेट डोळ्यांसमोर. वर्गात सगळं नीट झालं आणि वाटेवर पोरांनी पैज लावली की संपलं. ग्रहण सुटेपर्यंत त्यांना शाळेतच ठेवा, घरी निरोप द्या.

खग्रासाच्या त्या काही मिनिटांत, सूर्य पूर्ण झाकलेला असताना, चष्मा काढला तरी चालतो असं कुठेतरी वाचून येणारं एखादं हुशार पोरगं निघेल. खरं आहे ते, पण खग्रास पट्ट्यात. आपल्याकडे त्या दिवशी असा एकही क्षण नाही.

ऑगस्ट आहे, आभाळ असणारच. लोकांना वाटतं ढगाळ दिवस निर्धास्त. मला तोच जास्त भीतीचा वाटतो. ढगातून सूर्य फिकट थाळीसारखा दिसतो, चष्म्यातून काहीच दिसत नाही, मग पोरं चष्मा कपाळावर सरकवतात आणि उघड्या डोळ्यांनी बघतात. ढग सरकतो आणि सूर्य पूर्ण ताकदीनं समोर. चष्म्यातून दिसत नसेल तर ग्रहण दिसत नाही, असाच नियम ठेवा. सगळंच झाकोळलं तर वर्गात बसून मोबाईलवर इजिप्तचं बघा.

सुट्टी नको म्हणतो ते याचसाठी. सुट्टी दिली की मोठी माणसं दारं लावून आत बसतात आणि पोट्टे बापाचा जुना एक्सरे घेऊन माळवदावर चढतात. गर्भार बाईबद्दल विचारतीलच पालक: ग्रहणात सूर्यातून वेगळे कुठलेही किरण येत नाहीत. तिनं भाजी चिरली तर काही होत नाही. चष्मा न लावता वर बघितलं तर तिच्या डोळ्याला व्हायचं ते होईल, इतरांसारखंच.

त्या कापसाच्या पोराचं काय झालं ते राहिलं. यावर औषध नाही. थेंब, गोळ्या, कशाचाही फायदा सिद्ध झालेला नाही. वाट बघणं हाच उपाय, आणि बऱ्याच जणांची नजर तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ परत येते. त्याची एका डोळ्याची पूर्ण आली. उजव्या डोळ्यात मधोमध तीळभर डाग राहिला. पोती शिवताना दाभणात सुतळी ओवायला तो आता उजवा डोळा मिटतो.

म्हणून मंगळवारी सकाळी, ३ ऑगस्टला, हजेरी झाली की पाच मिनिटं एवढं करा. गणिताच्या चौकटीच्या वहीचं कोरं पान घ्या, मधोमध पेनानं ठिपका द्या. प्रत्येक पोरानं एक डोळा तळहातानं झाकून, हातभर अंतरावरून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा डोळा. ठिपका गायब, रेघा वाकड्या, मधली घरं पुसट किंवा वेगळ्या रंगाची दिसली असं कोणी म्हणालं, तर रागावू नका. रागावलात तर बाकीचे सांगणार नाहीत. वहीचं ते पान त्याच्या हातात द्या आणि त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.